पापुद्रा सुटतो तो खालून

आपल्या वसाहतीत उभ्या असलेल्या मोटारींच्या टपांकडे एकदा वरच्या मजल्याच्या गॅलरीतून निरखून पाहा. बरीच वर्षे उघड्यावर काढलेल्या एखाद्या गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर नकाशातील बेटांसारखे वेड्यावाकड्या कडांचे पांढुरके डाग पडलेले बहुधा आढळतील. अशा डागाच्या कडेला नख लावले तर सापाची कात दिसावी तसा पातळ, पारदर्शक पापुद्रा हाती येतो. एकदा ही कड सुटली की दर धुण्यागणिक आणि दर पावसाळ्यागणिक ते बेट पसरत जाते. यंत्र ठणठणीत असते, टायर चांगले असतात, परंतु गाडीकडे पाहवत नाही. आणि विकावयास काढली तर गिऱ्हाईक पहिले बोट तेथेच ठेवते.

घराखालोखाल कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. तिचे हप्ते फिटतात न फिटतात तोच तिची अशी दशा झाली म्हणजे घरात दोषी शोधण्याचे काम सुरू होते. कोणी म्हणतो, गाडी पुसणारा पोरगा कपड्याच्या साबणाने धुतो, त्याचे हे फळ. कोणी बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याला बोल लावतो, कोणी कावळ्या-कबुतरांना. पुढची पायरी म्हणजे पॉलिश. पैसे मोजून गाडी घासून घेतली जाते, आठवडाभर ती झळकते, आणि महिन्याभरात डाग पूर्वीपेक्षा मोठा होऊन दिसू लागतो. वर सांगितलेल्या सर्वांचा ह्या प्रकारात थोडाफार हात असू शकतो. परंतु मूळ कारण निराळे आहे, आणि ते न ओळखता केलेला खर्च पाण्यात जातो, म्हणून ह्या वेळी त्याचा जरा मुळापासून विचार करू.

मोटारीचा रंग म्हणजे एकच एक लेप नव्हे. कारखान्यात पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा सूक्ष्म स्फटिकमय थर बसवितात. मग आख्खा सांगाडा रंगाच्या प्रचंड हौदात बुडवून, विजेचा प्रवाह सोडून, गंजापासून रक्षण करणारा इपॉक्सी जातीचा थर चढवितात. कानाकोपऱ्यांत, पोकळ भागांत ब्रश पोहोचत नाही, वीज पोहोचते. त्यावर प्रायमरचा थर येतो. प्रायमरवर खरा रंग, म्हणजे ज्याला आपण लाल, निळा अथवा चंदेरी म्हणतो तो. आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक, रंगहीन थर. गॅरेजमधले कारागीर त्याला ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. आपणांस जी चमक दिसते ती ह्या शेवटच्या थराची. खालचा रंग मूळचा निस्तेजच असतो.

ह्या सगळ्या थरांची जाडी मिळून सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ढोबळ मानाने ७० मायक्रॉन जाड धरला, तर पत्र्यापासून चमकेपर्यंतचे सर्व आवरण दोन केसांइतके जाड आहे. त्यात रंगाचा थर अवघा १२ ते २० मायक्रॉनचा, आणि पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे आपण ज्याविषयी बोलत आहो ती वस्तू एका केसाहूनही बारीक आहे. आणि तिला वर्षानुवर्षे उघड्या आकाशाखाली टिकावयाचे असते.

जुन्या गाड्यांना असा थर नव्हता. १९२० नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग आले, त्यानंतर एनॅमल आले. ह्या दोहोंतही रंग आणि चकाकी एकाच थरात असे. उन्हाने तो थर वरून खडूसारखा भुरभुरीत होई. मालक रविवारी सकाळी कंपाउंड लावून घासत बसे, वरची मेलेली पूड निघे आणि खालचा ताजा रंग उघडा पडे. गाडी पुन्हा नवी दिसे. २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले त्या अँबॅसडरच्या जमान्यातील अनेक कुटुंबांनी हा संस्कार अंगी बाणवून घेतला : गाडी फिकी पडली की घासा. त्या रंगापुरता तो संस्कार योग्यच होता. परंतु चंदेरी, धातुमय छटांची आवड वाढली तेव्हा अडचण आली. त्या रंगांतील अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे ऊनपाण्यात उघडे राहिले तर काळवंडतात. म्हणून त्यांच्यावर पारदर्शक आवरण घालण्याची पद्धत पडली आणि १९८० नंतरच्या दशकात ती जगभर रुळली. तेव्हापासून मोटारीचा रंग निराळ्या रीतीने मरू लागला, आणि आपण मात्र औषध जुनेच चालू ठेवले.

निराळ्या रीतीने म्हणजे कसे, हे ध्यानात येण्यासाठी उन्हाचा विचार केला पाहिजे. सूर्यप्रकाशात जो डोळ्यांना न दिसणारा अतिनील किरणांचा भाग असतो, त्यात रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. पारदर्शक थर बनतो तो अ‍ॅक्रिलिक जातीच्या रेझीनचा. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जाळ्याप्रमाणे बांधलेल्या असतात. किरणांनी हे जाळे जागोजाग तुटू लागले की प्राणवायू त्या तुटलेल्या टोकांना जाऊन मिळतो आणि नुकसान पुढे पुढे सरकत जाते. हे थोपविण्यासाठी कारखानदार त्या थरात दोन प्रकारची द्रव्ये मिसळतात. एक जातीची द्रव्ये अतिनील किरण स्वतःच गिळून त्यांची निरुपद्रवी उष्णता करतात. दुसरी जात किरणांना अडवीत नाही, तर तुटलेल्या टोकांनी सुरू केलेली साखळी मध्येच गाठून थांबविते. ही दुसरी द्रव्ये काम करता करता पुन्हा पूर्वरूपास येतात, म्हणून ती दीर्घकाळ पुरतात. पहिली मात्र वर्षांगणिक झिजत जातात.

येथे एक साधे गणित आहे, आणि माझ्या मते ह्या सर्व विषयाची किल्ली त्यातच आहे. किरण गिळणाऱ्या थरातून किती प्रकाश खाली जाईल, हे त्याच्या जाडीवर अवलंबून असते; पण जाडी निम्मी झाली म्हणजे खाली पोहोचणारा प्रकाश केवळ दुप्पट होतो, असे नाही. समजा, पूर्ण जाडीच्या थरातून अतिनील प्रकाशाचा शंभरावा भाग खाली उतरतो. थर निम्मा झाला तर दहावा भाग उतरेल. निम्म्या जाडीने दसपट मारा! म्हणून पारदर्शक थर ही केवळ शोभा नव्हे. ती खालच्या रंगावर धरलेली छत्री आहे. छत्री विरली की ऊन खालच्या रंगाच्या पृष्ठभागावर पडते, तेथील चिकट माध्यम भुकटी होते, आणि वरच्या थराला धरून ठेवणारे असे काही उरत नाही. वरचा थर तोवर बऱ्यापैकी अखंड, चमकदारही असू शकतो. तो फाटून निघत नाही. त्याच्या पायाखालची जमीन नाहीशी होते, म्हणून तो सुटतो. साबण आणि चिंधी वरून लागतात. पापुद्रा सुटतो तो खालून.

ह्याचा पुरावा अमेरिकेत मोठ्या किंमतीला मिळाला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील काही कारखान्यांनी खर्च आणि वेळ वाचविण्यासाठी मधला प्रायमरचा थर गाळला, आणि विजेने बसविलेल्या इपॉक्सी थरावरच सरळ रंग फवारला. गंज रोखण्यात इपॉक्सीचा हात धरणारे दुसरे काही नाही, परंतु ऊन त्याला मुळीच सोसत नाही. रंगाचा थर पातळ; त्यातून गाळून आलेल्या किरणांनी इपॉक्सीचा माथा खडूसारखा केला. मग चार-सहा वर्षांच्या गाड्यांचा रंग, वरच्या पारदर्शक थरासकट, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा हातभर तुकड्यांनी निघू लागला. निळ्या, करड्या आणि चंदेरी छटांत ही तक्रार विशेष होती. मालक न्यायालयांत गेले, कारखान्यांना असंख्य गाड्या पुन्हा रंगवून द्याव्या लागल्या. रंग स्वतः वाईट नव्हता, चमकही शाबूत होती. तरी सगळे आवरण सुटले, कारण त्याखालचा एक थर उन्हाने मारला होता.

आता आपल्या देशाकडे वळू. मोटारीच्या रंगांची कसोटी घेण्यासाठी जगभरचे कारखानदार रंगविलेले पत्रे दक्षिण फ्लॉरिडात नेऊन उघड्या मैदानात, दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी जेमतेम पाच अंशांचा कोन करून मांडून ठेवतात. फ्लॉरिडाच का? तर तेथे कडक ऊन, उष्मा आणि दमट हवा ही तिन्ही एकत्र भेटतात. ह्या प्रदेशाचे अक्षांश सुमारे २५ ते २६. पुणे १८ अंशांवर आहे, चेन्नई १३ अंशांवर. म्हणजे ज्या तऱ्हेच्या उन्हात रंगाची मुद्दाम परीक्षा घेतात, त्याच तऱ्हेच्या उन्हात आपली गाडी कचेरीसमोर रोज आठ तास उभी असते. त्यातही पत्रे जसे जवळजवळ आडवे मांडतात, तसेच आडवे आपल्या गाडीचे टप, बॉनेट आणि डिकीचे झाकण असते. दारांना ऊन तिरपे लागते, म्हणून त्याच गाडीची दारे वर्षानुवर्षे चांगली राहतात. डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या वाचकांनी थंड हवेवर विसंबून राहू नये. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांचे प्रमाण साधारण दहा ते बारा टक्क्यांनी वाढते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरांवर आहे, त्यावरून हिशेब करावा.

उन्हाच्या जोडीला उष्णता आणि पाणी येतात. वैशाखातल्या दुपारी काळ्या गाडीचा टप ७० अंश सेल्सियसच्याही वर तापतो; अशा टपाला हात लावून पाहण्याचा प्रयोग मी कोणास सुचविणार नाही. पोलाद तापले की प्रसरण पावते, रंगाचे थरही पावतात, परंतु ते पोलादाच्या कित्येक पट अधिक पसरू पाहतात. दिवसा ताणणे आणि रात्री आखडणे असे हे रोज चालते. मग एखाद्या संध्याकाळी वळवाची सर त्या तापल्या पत्र्यावर कोसळते. पारदर्शक थर दिसावयास काचेसारखा असला तरी काचेसारखा जलाभेद्य नसतो. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत झिरपते आणि थरांमधल्या कमकुवत जागी जाऊन बसते. ऊन पडले की तीच वाफ फुगते. सांधा मजबूत असेल तर ह्या सगळ्याने काही बिघडत नाही. उन्हाने तो आधीच भुसभुशीत झाला असेल, तर हा रोजचा ताण त्याला पुरा करतो. कोकणात, केरळात किंवा आसामात पावसाळा संपता संपता डाग एकाएकी उठलेले दिसतात, ते ह्यामुळे. नुकसान मागल्या अनेक उन्हाळ्यांनी केलेले असते; पावसाळा फक्त ते उघडकीस आणतो.

पक्ष्यांच्या विष्ठेबद्दल दोन शब्द. तिच्यातील आम्लाला सर्व दोष देण्याची रीत आहे. परंतु इराणमधील संशोधकांनी २००९ च्या सुमारास केलेल्या अभ्यासात विष्ठेतील पाचक द्रव्ये, ज्यांना एन्झाइम म्हणतात ती, रेझीनचे बंध तोडण्यास मदत करतात असे दाखविले. उष्णतेने हे काम अधिक वेगाने होते. तेव्हा विष्ठा दिसताच ओल्या फडक्याने भिजवून, न घासता उचलावी, हेच खरे. रविवारची वाट पाहू नये. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत तेवढे सांभाळावे. त्या वेळी तुडतुडे चिकट रस गाळतात, त्यावर धूळ आणि काळी बुरशी धरते आणि काढताना घासावे लागते. तरीही उघड्या उन्हापेक्षा झाडाची सावली शतपटीने बरी. चिकटा धुता येतो, ऊन धुता येत नाही.

येथवर कारखान्यातून जसा आला तशा रंगाची गोष्ट झाली. परंतु आपल्याकडे सुटलेल्या पापुद्र्यांपैकी फार मोठा वाटा डेंटिंग-पेंटिंगच्या कामांचा असतो, असे माझे निरीक्षण आहे. ह्याची कारणे अगदी वेगळी आणि पुष्कळशी टाळण्याजोगी आहेत, म्हणून येथे जरा थांबू.

कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांवर भाजला जातो. तयार गाडीला इतकी उष्णता देणे शक्य नाही. तिच्यातील प्लॅस्टिक, रबर, तारा वितळतील. म्हणून गॅरेजमध्ये क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतात, आणि दोन द्रव्यांच्या रासायनिक संयोगाने तो थर ६० अंशांच्या भट्टीत किंवा साध्या हवेतही कठीण होतो. सगळे यश मग प्रमाणावर आणि वेळेवर येऊन ठेपते. हार्डनर महाग, तो अंदाजाने कमी ओतला की थर मऊ, अर्धाकच्चा राहतो. थिनर जास्त झाले की थर पातळ होतो. आणि पातळ छत्रीचे गणित आपण वर पाहिलेच. डब्यावर दोन हात मारावयास सांगितलेले असताना एकच हात मारला, तरी पहिल्या दिवशी चमक सारखीच दिसते. फरक तीन-चार उन्हाळ्यांनी दिसतो, तेव्हा पावतीही सापडत नाही.

वेळेची गोष्ट त्याहून नाजूक. रंगाचा हात मारल्यावर त्यातील द्रावक उडून जाण्यास काही मिनिटे द्यावी लागतात. घाईने वर क्लिअर मारला तर द्रावक खाली कोंडते आणि पुढे बुडबुडे वा सैलपणा उत्पन्न करते. उलट, रंग मारून ठेवला, संध्याकाळ झाली, वीज गेली, कारागीर घरी गेला, आणि क्लिअर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मारला, तर रंग इतका वाळलेला असतो की क्लिअरला त्यात शिरून पकड घेता येत नाही. मग रंग पुन्हा हलका घासून त्यावर नवा हात द्यावा लागतो; तो द्यावयाचा कोणी कंटाळा केला की पापुद्र्याचे बी पेरले गेले म्हणून समजावे.

तिसरे कारण जुन्या आणि नव्या क्लिअरच्या सांध्याचे. मागच्या दाराला खोक पडली; ती बुजवून रंगविली; नवा रंग जुन्यात मिसळलेला दिसावा म्हणून क्लिअर मागच्या खांबावर नेऊन मध्येच विरळ करत सोडून दिला. त्या दिवशी कारागिराचे कौतुक होते, कारण सांधा ओळखू येत नाही. परंतु त्या विरळ कडेशी थर जवळजवळ नसतोच. वर्षा-दोन वर्षांत नेमकी तीच कड सुटू लागते. ज्या ठिकाणी पत्रा संपतो, तेथपर्यंत, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत, क्लिअर नेणे हाच त्यावर खरा उपाय आहे. त्याने काम वाढते आणि बिलही. तरीही मी हा खर्च योग्य समजतो.

बंपरची जात निराळी. तो पोलादाचा नसून प्लॅस्टिकचा, बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आणि ह्या प्लॅस्टिकला रंग सहजी चिकटत नाही; त्यासाठी आधी खास प्रायमर लावावा लागतो. तो गाळला असेल तर बंपरवरचा रंग मुळापासून, काळे प्लॅस्टिक दाखवीत, सोलून निघतो. त्यात उन्हाचा दोष धरू नये.

तेव्हा डाग दिसला की पहिले काम म्हणजे कोणता थर गेला हे पाहणे. डागाच्या आत गाडीचाच रंग, परंतु निस्तेज, दिसत असेल तर केवळ पारदर्शक थर गेला आहे. करडा वा दुसराच रंग दिसत असेल तर रंगाचा थरही गेला. टप, बॉनेट आणि डिकी ह्या तिन्हींवर सारखेच डाग असतील तर काम उन्हाचे. एकाच दारावर किंवा एकाच पंखावर असतील, अथवा डागाची कड चिकटपट्टी लावल्यासारखी सरळ असेल, तर तो भाग पूर्वी रंगविलेला आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ही खूण विशेष ध्यानात ठेवावी. विकणाऱ्याने न सांगितलेला अपघात पुष्कळदा असा बोलतो. जाडी मोजण्याचे लहान यंत्र आता जुन्या गाड्यांच्या अनेक व्यापाऱ्यांजवळ असते. सर्वत्र १०० ते १५० मायक्रॉन आणि एकाच दारावर ३०० दाखविले, तर त्या दारावर रंग दुसऱ्यांदा बसला आहे. हजाराच्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे.

गाडी नुसती फिकी पडली असेल, पापुद्रा सुटलेला नसेल, तर पांढऱ्या फडक्यावर थोडे कंपाउंड घेऊन कोपऱ्यात हलकेच घासून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तो जुन्या पद्धतीचा एकच थर आहे, आणि पॉलिशने त्याला पुन्हा तेज येईल. फडके रंगले नाही तर वर पारदर्शक थर आहे, आणि आपण जे घासत आहो ती छत्री आहे. ती क्वचित, गरजेपुरती घासण्यास हरकत नाही. पण दर दिवाळीला यंत्राने घासून घेण्याची प्रथा मी तरी बंद करीन. दर वेळी एखाद-दोन मायक्रॉन जातात, आणि गेलेला मायक्रॉन कोणतेही मेण परत आणीत नाही.

पापुद्रा सुटल्यानंतर मात्र पॉलिश, मेण, रॉकेलचे किंवा डिझेलचे फडके, ह्या सर्वांचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. तेलकट फडक्याने डाग ओला होऊन दिसेनासा होतो आणि वाळला की परत येतो. विकणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते. हल्ली सिरॅमिक कोटिंगचा बोलबाला आहे. चांगल्या रंगावर ते लावल्यास मळ कमी धरतो आणि धुणे सोपे होते, हे खरे. परंतु त्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉनची. ते सुटलेला सांधा जोडत नाही आणि विरलेल्या छत्रीला ठिगळही लावीत नाही. पारदर्शक फिल्मचेही तेच. शिवाय कमकुवत रंगावर चिकटविलेली फिल्म काढताना रंग घेऊनच निघते. डब्यातून फवारावयाचे क्लिअर डागावर मारले तर जुनी सैल कड त्याखाली सुटतच राहते. खरा उपाय एकच : त्या संपूर्ण भागावरील सैल झालेला थर पाण्याच्या कागदाने घट्ट थर लागेपर्यंत काढणे, त्यावर रंग आणि त्यावर पुरेसा क्लिअर.

हे लगेच केलेच पाहिजे का? केवळ पारदर्शक थर गेल्याने पत्रा गंजत नाही. गंजापासून रक्षण करणारा थर अगदी तळाशी आहे. तेव्हा हात आखडता असेल तर काही महिने थांबता येईल. मात्र उघडा पडलेला रंग पातळ आणि निराधार असतो, त्याखालच्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही, हे वर आलेच आहे. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर एका थराचे काम सगळ्या थरांचे होऊन बसते. तोवर सर्व्हिसिंगच्या ठिकाणी जोराच्या पाण्याची नळी सुटलेल्या कडेजवळ धरू देऊ नये, एवढी सूचना द्यावी. कापडी झाकण वापरावयाचे असेल तर ते हवा खेळू देणारे असावे आणि कोरड्या, स्वच्छ गाडीवरच घालावे. ओल्या गाडीवर घातलेले प्लॅस्टिकचे झाकण वाफेची कोंडी करते, आणि धुळीवर घातलेले कोणतेही झाकण वाऱ्याने हलून घासकागदाचे काम करते.

काम द्यावयाचे ठरले तर भर पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये देऊ नये. हार्डनरमधील आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन वायू सुटतो आणि थरात सूक्ष्म बुडबुडे राहतात. आणि ज्या कारागिराकडे काम द्याल, तो फवारताना तोंडाला काय बांधतो हेही पाहा. ह्याच आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि एकदा जडल्यावर अगदी अल्प अंशानेही तो पुन्हा उसळतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. त्यासाठी योग्य मुखवटा आणि हवा खेचून नेणारी बंदिस्त खोली लागते. अशी खोली असलेल्या ठिकाणी दर थोडा अधिक असतो. तेथे धूळही कमी बसते, प्रमाणे मोजून घेतली जातात आणि भट्टीही असते. म्हणजे जेथे कारागिराची छाती सुरक्षित राहते, तेथेच बहुधा आपला रंगही टिकतो. काम सांगताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : क्लिअर कडेपासून कडेपर्यंत जाईल, त्याचे किमान दोन हात असतील, आणि रंग व क्लिअर एकाच दिवशी मारले जातील. गाडी हाती आल्यावर पहिला महिनाभर तिला मेण लावू नये, कारण ताज्या थरातील उरलेसुरले द्रावक तोवर बाहेर पडत असते.